लीड्स ते लिव्हरपूल कालव्याकाठी धावणे : एका दमात की टप्प्याटप्प्याने?

एअरकाठची_रेवा

मंडळी, उत्तर इंग्लंडमधला लीड्स–लिव्हरपूल कालवा काठाकाठाने पूर्ण धावायचा बेत पक्का होत चाललाय. अंतर सव्वाशे मैलांच्या वर, म्हणजे २०४ कि.मी.च्या आसपास. ९१ लॉक (बोट वरच्या-खालच्या पातळीवर नेणारे दारांचे हौद), मध्ये पेनाइन डोंगररांग. बोटी ओढणारे घोडे ज्या वाटेने चालायचे तो टोपाथ आजही जवळजवळ सलग आहे आणि त्यावर धावायला कुणाची परवानगी लागत नाही.

इथल्या धावणाऱ्या मंडळींत दोन तट आहेत. एक म्हणतात, ऑगस्टअखेर लिव्हरपूल ते लीड्स अशी १३० मैलांची शर्यत असते, तीत नाव घाल आणि एका दमात संपव. दुसरे म्हणतात, बराचसा कालवा रेल्वेच्या सोबतीने जातो, सुट्टीच्या दिवशी एकेक तुकडा कर.

माझा कल दुसरीकडे आहे. लीड्सहून निघालं की आर्मलीची लोकरीची गिरणी, कर्कस्टॉलचा पडका मठ, मग सॉल्टेअर, बिंगलीची लॉकं, डोंगर ओलांडून बर्नलीच्या कापडगिरण्या, विगनचा कोळसा आणि शेवटी लिव्हरपूलची गोदी. माल कुठून निघाला, कुठे विणला गेला, कुठे जहाजात चढला, हे सगळं एकाच पाण्याच्या कडेने उभं आहे. त्यातलं निम्मं रात्री दोन वाजता, डोक्यावरच्या बॅटरीच्या उजेडात, पेंगत ओलांडायचं हे मला पटत नाही. धावायचं ते बघण्यासाठी.

तुमचं काय मत? टप्प्यांनी करायचं तर तुकडे कसे पाडावेत? आणि दिशा कुठली?

सह्यधावक

टप्प्यांनी. फोटो टाकायला विसरू नका.

मैलभर_अजून

रेवाताई, मी तुमच्या विरुद्ध, एका दमातल्या तटाचा, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी ग्रँड युनियन कालव्याच्या शर्यतीत मित्राच्या मदतनीसांत होतो. बर्मिंगहॅम ते लंडन, १४५ मैल, मुदत ४५ तास, आणि कुठेही सलग चाळीस मिनिटांपेक्षा जास्त थांबायचं नाही. तुम्ही म्हणता तसं रात्री काही दिसत नाही, हे खरं. पण अंतर कळतं, आणि तुकड्यातुकड्यांनी धावून ते कळत नाही. या कालव्यांवर जलद बोटी रात्रंदिवस चालायच्या, ठरलेल्या जागी घोडे बदलले जायचे आणि माणसं तीच राहायची. पहाटे साडेतीनला ओल्या गवतातून पाय ओढताना त्या नावाड्यांचं काम काय होतं हे जितकं समजलं, तितकं कुठल्याही संग्रहालयात समजलं नव्हतं.

आता शरीराचं. सपाट म्हणजे सोपं, असा नवख्यांचा समज असतो. डोंगरात चढाला एक स्नायू काम करतो, उताराला दुसरा. इथे चढ येतो तो फक्त लॉकपाशी, तोही दोन-चार पावलांचा. बाकी तासन् तास तोच स्नायू, तीच पावलाची लांबी. शिवाय बऱ्याच ठिकाणी वाट पाण्याच्या बाजूला किंचित कललेली असते, त्यामुळे एकाच बाजूचा घोटा आणि कंबर धरते. उपाय एकच : दमला नसाल तरी ठरवून चालायचं. पंचवीस मिनिटं धाव, पाच मिनिटं चाल, अगदी पहिल्या तासापासून.

नकाशावाला

मूळ धाग्यात एक भर. हा कालवा कापसासाठी खणला, असा समज वाचकांचा होईल, तो होऊ नये. कायदा झाला १७७० साली. तेव्हा बर्नली-ब्लॅकबर्नकडे वाफेवरच्या गिरण्या नव्हत्याच. यॉर्कशायरच्या व्यापाऱ्यांना शेतीला आणि बांधकामाला चुनखडी हवी होती, लिव्हरपूलकरांना विगनचा कोळसा हवा होता. दोघांची मार्गावरून जुंपली, मग लढायांमुळे पैसा आटला आणि कालवा पूर्ण व्हायला १८१६ साल उजाडलं. ४६ वर्षं! या भांडणातच मार्ग दक्षिणेकडे सरकून बर्नली आणि ब्लॅकबर्नमधून गेला.

गिरण्या नंतर कालव्याकडे आल्या. वाफेच्या इंजिनाला कोळसा लागतो आणि वाफ थंड करायला पाणी लागतं, ही दोन्ही कामं कालव्याने भागायची. धावताना गिरणीच्या भिंतीत पाण्यालगत लहानशी कमान दिसली तर थांबून बघा. पाणी आत घ्यायची किंवा गरम पाणी परत सोडायची वाट बऱ्याचदा तीच असते.

वऱ्हाडी_सखाराम

वाचून राहिलो. बर्नली, ब्लॅकबर्न ही नावं आमच्या आजोबांच्या तोंडी होती बरं का. अमेरिकेत १८६१ ते ६५ यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस लिव्हरपूलला पोचेना, अन् मग सायबाला खानदेश-वऱ्हाडाची आठवण झाली. मुंबईत पैशाचा पूर आला, शेअरचा सट्टा झाला आणि १८६५ साली युद्ध संपल्यावर सगळं कोसळलं. पुढं खामगावला आगगाडीचा फाटा आला तो कापसासाठीच.

तिकडच्या विणकराला मात्र आपला कापूस आवडत नव्हता. सगळ्या हिंदुस्थानी कापसाला ते सुरतीच म्हणत. धागा आखूड, मधी कचरा, मागावर घातला की तुटे. अन् कापडाच्या नगावर मजुरी, म्हणून धागा तुटला की पोटाला चिमटा. म्हणजे आमचा शेतकरी अन् तिकडचा विणकर, दोघांनी एकमेकाला कधी पायलं नाही, पण एकाच गाठोड्यानं दोघांचे हाल केले. ताई, त्या काठानं जाल तेव्हा हे ध्यानात असू द्या.

एअरकाठची_रेवा

सखारामभाऊ, हा प्रतिसाद मी छापून सोबत नेणार आहे.

ब्लॅकबर्नबद्दल आणखी एक. तिथल्या गिरण्यांचा मोठा माल म्हणजे हिंदुस्थानात विकायची धोतरं. मुंबईत १९३० च्या डिसेंबरात बाबू गेनू ज्या परदेशी कापडाच्या मोटारीसमोर आडवा झाला, ते कापड याच मुलखातलं. पुढच्याच वर्षी सप्टेंबरात गांधीजी ब्लॅकबर्नशेजारच्या डार्वेनला येऊन राहिले. बहिष्काराने ज्यांचं काम गेलं होतं त्याच कामगारांनी त्यांचं आपुलकीने स्वागत केलं. कालव्यापासून डार्वेन फार लांब नाही, मी तो फाटा घेणारच.

पेठकर_पुणे

अवांतर : आमच्याकडे मुठा उजव्या कालव्याच्या काठाने रोज सकाळी शेकडो लोक चालतात, पळतात. त्याला टोपाथ का म्हणू नये? खडकवासल्यापासून पुढे मॅरेथॉन भरवू, घोडे आम्ही आणतो.

नकाशावाला

पेठकर, घोडे आणा, पण ओढणार काय? मुठा कालवा सिंचनाचा. पाणी उताराने वाहतं ठेवायचं हेच त्याचं काम, आणि कडेची वाट देखभालीसाठी. लीड्स–लिव्हरपूलचं पाणी दोन लॉकांच्या मध्ये जवळपास स्थिर असतं, म्हणून एक घोडा कित्येक टनांची बोट सहज ओढायचा. डोंगरमाथ्यावरच्या टप्प्याला तलावांतून पाणी द्यावं लागतं. २०२५ च्या कोरड्या उन्हाळ्यात तलाव आटले आणि कालव्याचा बराच भाग बोटींना बंद ठेवावा लागला. धावणाऱ्यांना अर्थात त्याने फरक पडत नाही.

पेठकर_पुणे

बरं, घोडे परत पाठवतो. :)

मागवाला_इचलकरंजी

पहिल्यांदाच लिहितोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

आमच्या गावात पहिला यंत्रमाग १९०४ ला आला. आमच्या घरात तीन पिढ्या माग. दोन वर्षांपूर्वी मुलीकडे मँचेस्टरला गेलो होतो, तिने बर्नलीला नेलं. कालव्याच्या दोन्ही अंगांना गिरण्या, गोदामं, धुराडी. त्या भागाला वीव्हर्स ट्रँगल म्हणतात. छपरं करवतीच्या दात्यांसारखी, एका बाजूला काच आणि ती काच उत्तरेकडे, म्हणजे ऊन थेट मागावर येत नाही आणि उजेड दिवसभर सारखा राहतो. आमच्या शेडची छपरं तशीच आहेत. मी जावयाला म्हटलं, हे कुणी शिकवलं ते आज कळलं.

गावाबाहेरच्या बाजूला क्वीन स्ट्रीट गिरणी आहे. वाफेच्या इंजिनावर चालणारी, टिकून राहिलेली विणकामाची शेवटची गिरणी. इंजिनाचं नाव पीस, म्हणजे शांतता. आत माग चालू केले आणि मला घरी आल्यासारखं वाटलं, मुलगी मात्र कान झाकून बाहेर गेली. तिथल्या बायका आवाजामुळे ओठांच्या हालचालीवरून बोलायच्या असं सांगितलं. आमची आईही तसंच बोलायची, शेडबाहेरसुद्धा. धोट्याच्या (मागावर आडवा धागा नेतो तो) भोकातून धागा तोंडाने ओढायची पद्धत तिकडेही होती. त्याने दात आणि छाती दोन्ही जायचं.

रेवाताई, तुम्ही धावा किंवा चाला, पण बर्नलीला अर्धा दिवस द्या. कालव्यावरून धावत जाऊन ते कळणार नाही. आत उभं राहायला हवं.

मैलभर_अजून

मागवालेकाका, हा प्रतिसाद वाचल्यावर माझा हट्ट निम्मा गेला. निम्मा अजून शिल्लक आहे.

सह्यधावक

काका, लिहित राहा. वेगळा धागा काढा यावर.

मृण्मयी_विगन

बायकांच्या बाजूने थोडं, कारण वर सगळे पुरुषच बोलतायत (रेवा सोडून).

मी विगनच्या लॉकांच्या जवळ राहते. टोपाथवर एकटीने धावते, पण कुठे आणि कधी हे ठरवून. गावाबाहेरचा भाग शांत आणि चांगला. शहरांत शिरताना आणि बाहेर पडताना काही पट्टे असे आहेत की एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला कारखान्याची उंच भिंत, आणि पुढचा पूल येईपर्यंत बाहेर पडायला वाटच नाही. तिथे दिवसाउजेडीच जा, एका कानातला हेडफोन काढा, जमलं तर सोबत घ्या. पुलांना क्रमांक असतात. फोनवर कुणाला ठिकाण सांगायचं तर पुलाचा आकडा सांगावा, तेवढ्याने पुरतं.

पृष्ठभाग : शहरात डांबर किंवा घट्ट खडी, मध्ये गवत आणि चिखल. पुलाखालचे दगड पावसात साबणासारखे होतात, तिथे चालावं. लॉकच्या चढावर विटांच्या आडव्या पट्ट्या उंचावलेल्या असतात. त्या घोड्याच्या नालाला पकड मिळावी म्हणून बसवल्या होत्या, आपल्या बुटाला मात्र अडकतात. मे महिन्यात हंसांची पिल्लं वाटेवर असतात. नर फिस्कारला की थांबायचं, वेळ गेला तरी चालेल. आणि गळ टाकून बसलेल्या लोकांना लांबून आवाज द्या, त्यांच्या लांब काठ्या वाटेवर आडव्या असतात.

विगनची २१ लॉकं वरून खाली धावण्यात मजा आहे. चार कि.मी.त पासष्टेक मीटर उतार. खालून वर आलात तर मैलभरभाऊंना हवा तो चढ मिळेल.

वैद्यबुवा

एक सूचना. पाणी साचलेलं, काठावर उंदीर. मुंबईच्या पावसाळ्यातला आपला लेप्टो (उंदरांच्या मूत्रातून पसरणारा ताप) तिकडेही आहे. खरचटलं असेल तर जखम झाकून धावा, पाण्यात हात घातला तर खाण्याआधी धुवा, आणि नंतरच्या दोन-तीन आठवड्यांत ताप, अंगदुखी आली तर डॉक्टरांना कालव्याचा उल्लेख करा. घाबरायचं कारण नाही.

भटकभैरव

फोलरिजच्या गाईची गोष्ट कुणीच सांगितली नाही? माथ्यावर १६४० यार्डांचा, म्हणजे दीड कि.मी.चा बोगदा आहे. आत टोपाथ नाही. घोडा सोडून डोंगरावरून पलीकडे न्यायचे आणि नावाडी पाठीवर झोपून बोगद्याच्या भिंतीला पाय लावत बोट ढकलायचे. १९१२ साली बटरकप नावाची गाय कालव्यात पडली आणि मागे फिरायचं सोडून सरळ बोगद्यात शिरली, अख्खा बोगदा पोहून पार केला. पलीकडे लोकांनी तिला बाहेर काढून ब्रँडी पाजली.

धावणाऱ्यांनाही घोड्याच्याच वाटेने वरून जावं लागतं. बर्नलीपुढच्या गॅनो बोगद्यालाही तसंच, तिथे खुणा बघत जा, रस्ते ओलांडावे लागतात.

मैलभर_अजून

ती गाय माझ्या तटातली. एका दमात!

एअरकाठची_रेवा

:) मान्य.

सॉल्टेअर आणि बिंगलीचा तुकडा माझ्या नेहमीच्या वाटेवरचा आहे, त्याबद्दल लिहिते, कारण तिथे माझा जीव जास्त गुंतलाय.

लीड्सपासून वीसेक कि.मी.वर पुलाखालून बाहेर आलं की दोन्ही बाजूंना एकदम पिवळसर दगडाची गिरणी उभी राहते. टायटस सॉल्टने १८५३ साली, स्वतःच्या पन्नासाव्या वाढदिवशी ती सुरू केली. अल्पाका या प्राण्याच्या लोकरीचं कापड हा त्याचा खास माल. सोबत कामगारांसाठी घरं, शाळा, दवाखाना, चर्च, धुण्याची जागा. दारूचं दुकान मात्र नाही. धनी दयाळू होता की कामगाराच्या आयुष्यावर त्याला पूर्ण ताबा हवा होता, यावर आमच्या धावगटात दर वेळी वाद होतो. मला वाटतं दोन्ही, आणि ब्रॅडफर्डच्या तेव्हाच्या वस्त्यांमधल्या पटकीच्या साथी बघितल्या तर त्या घरांचं मोल कमी लेखता येत नाही. गिरणी १९८६ ला बंद पडली, पुढच्याच वर्षी जोनाथन सिल्व्हर यांनी विकत घेतली. आज तिथे चित्रं, पुस्तकं, कचेऱ्या आहेत, आणि २००१ पासून गाव जागतिक वारसा यादीत आहे.

गिरणगावात वाढलेल्या माझ्या आईला मी तिथे नेलं तेव्हा ती भिंतीला हात लावून एवढंच म्हणाली, आमच्याकडे धुराडं तरी ठेवायला हवं होतं. १९८२ च्या संपानंतर परळ-लालबागमध्ये काय झालं हे या धाग्यावरच्या अनेकांनी डोळ्यांनी पाहिलंय. गिरणी बंद पडणं तिकडेही झालं, इकडेही झालं. पण इथे गिरणीच्या पाण्याकाठची वाट सार्वजनिक होती, म्हणून ती भिंत रोज हजारो लोकांच्या नजरेसमोर राहिली आणि ती पाडायची गोष्ट लोकांनी सहज होऊ दिली नाही. वारसा टिकायला माणसांची रोजची ये-जा लागते, आणि धावणारे ती ये-जा करतात. म्हणून मला हा मार्ग इतका महत्त्वाचा वाटतो.

बिंगलीला पाच लॉकं एकाला एक जोडून, १८ मीटरचा चढ. मार्च १७७४ मध्ये उघडली तेव्हा ३०,००० लोक बघायला जमले होते असं सांगतात. आजही तिथे तीच लॉकं वापरात आहेत.

मागवाला_इचलकरंजी

तुमच्या आईंना नमस्कार सांगा.

नकाशावाला

रेवा, तुमच्या मूळ प्रश्नाकडे परत येतो, नाहीतर धागा गाईवरच संपायचा.

दिशा : लिव्हरपूलहून लीड्सकडे. या भागात वारा बहुतेक वेळा पश्चिमेचा, तो पाठीशी राहील. शिवाय कापूस उतरला त्या टोकापासून सुरुवात होईल. स्टॅन्ली गोदीतलं १९०१ चं तंबाखूचं गोदाम आधी बघून घ्या, २ कोटी ७० लाख विटा लागल्यात त्याला.

तुकडे : लिव्हरपूल–बर्स्कफ (वाटेत एन्ट्री या गावी घोड्यांच्या शर्यतीचं मैदान कालव्याला लागूनच), बर्स्कफ–विगन, विगन–ब्लॅकबर्न, ब्लॅकबर्न–बर्नली, बर्नली–स्किप्टन, आणि स्किप्टन–लीड्स दोन भागांत. अवघड बर्नली–स्किप्टन. कोलन ते स्किप्टन रेल्वे १९७० ला बंद झाली, त्यामुळे मध्येच सोडायचं तर गाडी नाही. बार्नोल्ड्सविकहून स्किप्टनला बस मिळते. या गावातल्या जुन्या विणकामाच्या शेडमध्ये पुढे रोल्स-रॉइसची जेट इंजिनं तयार झाली, हे जाता जाता.

आणि ब्लॅकबर्नकडच्या जॉन्सन्स हिलॉकपासून विगनच्या लॉकांच्या माथ्यापर्यंतचा भाग मुळात लँकेस्टर कालव्याचा, नंतर यात जोडला गेला. हे मी सांगितल्याशिवाय झोपू शकलो नसतो.

मृण्मयी_विगन

विगन–ब्लॅकबर्न लांब पडेल, पस्तीस कि.मी.च्या आसपास. चोर्लीला रेल्वे आहे, पण कालव्यापासून थोडं चालावं लागतं. तो तुकडा करशील तेव्हा कळव, मी लॉकांपासून चोर्लीपर्यंत सोबत येते.

मैलभर_अजून

माझा तोडगा : आधी टप्प्यांनी सगळं बघून घ्या, मागवालेकाकांनी सांगितल्याप्रमाणे बर्नलीला थांबा. मग पुढच्या वर्षी शर्यतीत उतरा. तेव्हा अंधारात कुठली गिरणी कुठे आहे हे तुम्हाला ठाऊक असेल. मदतनीस म्हणून मी येतो.

एअरकाठची_रेवा

हे पटलं. टप्प्यांनी, लिव्हरपूलकडून, एप्रिलपासून. बर्नलीसाठी पूर्ण शनिवार राखून ठेवलाय, क्वीन स्ट्रीट गिरणी उघडी असते ते दिवस बघूनच तारीख ठरवेन. शर्यतीचं पुढच्या वर्षी बघू, मैलभर, तुमचा शब्द धरून ठेवते.

पहिल्या तुकड्याबद्दल एक शंका. बर्स्कफला दोन स्टेशनं दिसतायत, परत लिव्हरपूलला यायला कुठलं?

मृण्मयी_विगन

कालव्याला जवळचं बर्स्कफ ब्रिज, पण ती गाडी साउथपोर्ट–विगन मार्गाची. लिव्हरपूलला जायचं तर बर्स्कफ जंक्शनवरून ऑर्म्सकर्क आणि तिथे गाडी बदल. जंक्शनला गाड्या थोड्या आहेत आणि रविवारी फारच बेभरवशाचं, म्हणून शनिवार धर. दमलीस तर अलीकडे मगलला थांब, तिथून लिव्हरपूलची थेट गाडी मिळते.